रामदास चुकलेली माणसं

माझ्या आज्यानं मुंबईत पेटलेल्या कापसाचा पाऊस पाहिला होता. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा की मृगाचा, परतीचा आणि कापसाचा असे पावसाचे तीन प्रकार असतात, अशीच आम्हा पोरांची समजूत होती.

दिवस १४ एप्रिल १९४४ चा. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज लागलं होतं. पोटात युद्धाचा दारूगोळा, कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी, मासळीचं खत आणि पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या विटा. दुपारी कापसानं पेट घेतला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानं दुसरा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. आज्याच्या गोष्टीत जहाजाला नाव नव्हतं आणि दिवसाला तारीख नव्हती. “येक बोट व्हती. तिच्या पोटान सोना आन् दारू,” अशी सुरुवात व्हायची. दारू म्हणजे सुरुंगाची दारू हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर खलाशी पिऊन तर्र झाले आणि त्यांनीच बोट पेटवली, असा आमचा पक्का समज होता. आज्यानंही तो कधी मोडला नाही.

तो गोदीत हमाल होता, म्हणजे त्या दिवशी आसपासच असणार. पण नेमका कुठं होता ते दरसाल बदलायचं. कधी फाटकाबाहेर चहा पीत असायचा, कधी रात्रपाळी करून खोलीवर झोपलेला असायचा. एका वर्षी तर तो थेट धक्क्यावरच उभा होता आणि हवेच्या झोतानं उडून कापसाच्याच गाठींवर पडला. सोन्याची वीट मात्र जागची कधी हलली नाही. ती गिरगावात एका पारशाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्यानं ती सरकारला परत केली. ही गोष्ट खरीच आहे, पुस्तकांतही सापडते. “येडा,” आजा म्हणायचा. मग थोडा वेळ गप्प बसून, “पन झोपला आसंल निवांत.”

या गोष्टींना मोसम होता. आमचं गाव अलिबाग तालुक्यात, रेवसच्या अलीकडचं, खाडीकाठचं. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे आणि पौष-माघात शेंगा भरल्या की पोपटी लावायची. रायगडच्या माणसाला पोपटी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, खडेमीठ आणि ओवा. असली तर अंडी, आणि घरात कुणी पगार घेऊन आलं असेल तर पाल्यात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी. मग पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, आणि तोंड गच्च बंद. मडकं शेतात उपडं मांडायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. अर्ध्या तासानं आजा तापल्या मडक्यावर बोटांनी पाण्याचे थेंब उडवायचा. थेंब चुर्र करून जागच्या जागी उडाला की पोपटी झाली.

गोष्टीची लांबी या थेंबावर ठरायची. जाळ चांगला धरला असला तर बोट पटकन फुटायची. जाळ मंद असला तर खलाशांची भांडणं लांबायची. एका वर्षी काटक्या ओल्या निघाल्या तेव्हा पारशाला बायको, दोन लेकी आणि एक खोकणारा सासरा असं सगळं कुटुंब मिळालं. पुढच्या वर्षी काटक्या वाळक्या होत्या, पारशी पुन्हा सडाफटिंग. कुणी तक्रार केली नाही. शेंगा भाजेपर्यंत माणसं जागेवर बसवून ठेवणं हे त्याचं काम होतं आणि ते तो चोख करायचा. मी लिहिण्याबद्दलची पुस्तकं पुढं काही वाचली. लांबी किती असावी याचं इतकं स्वच्छ उत्तर एकातही मिळालं नाही.

आजीची तऱ्हा वेगळी. आपण गोष्टी सांगतो असं तिच्या मनातही कधी आलं नाही. मोड आलेले कडवे वाल परातीत घेऊन ती बिरडं सोलायला बसायची. अंगठा आणि तर्जनीत वाल धरून दाबला की साल एकीकडे आणि डाळिंबी दुसरीकडे, आणि तिचं तोंड चालू. नजर परातीत, श्रोता कोण आहे याची फिकीर नाही. कधी मी असायचो, कधी नुसती मांजर.

तिचं माहेर चरीकडचं. चरी म्हटलं की जाणत्यांना संप आठवतो. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं तिथल्या कुळांनी ठरवलं की खोत जोवर न्यायानं वागत नाही तोवर जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं, आणि सहा वर्षं. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी खोती बंद करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, आणि त्याच साली पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केलं. हा झाला इतिहास. आजी तेव्हा दहाएक वर्षांची. बाबासाहेबांच्या सभेला ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन गेली होती. “काय दिसला?” असं विचारलं की म्हणायची, “पाठी. मानसांच्या पाठी.”

तिच्या संपात पुढारी नव्हता, खोतही फारसा नव्हता. तिच्या संपात होती बियाण्याच्या भाताची कणगी. संप मिटेल तेव्हा पेरायला हवं म्हणून तिच्या आईनं ते भात राखून ठेवलं होतं आणि पोरांना त्याला हात लावू दिला नव्हता. पोरं डोंगरावरून लाकडं आणायची, मोळ्या विकायची, खाडीत चिंबोऱ्या धरायची, कंद उकडून खायची. आणि रात्री आडवी झाली की कणगीत उंदरांचं खुडखुड ऐकायची. “उंदरांना चालतंय, आमाना नाय,” एवढं एक वाक्य आजी म्हणायची आणि पुढचा वाल उचलायची. मी ते शेकडो पानांच्या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहिलंय. ते हलकं पडत नाही.

ते भात संप मिटल्यावर उगवलं, असं आजी शपथेवर सांगायची. तिची बहीण, म्हणजे आमची मावशीआजी, म्हणायची की काही उगवलं नाही, उंदरांनी सगळा कोंडा केला होता आणि बियाणं उधारीवर आणलं. सहा वर्षांचं भात उगवतं का, म्हणून मी शेतकी खात्यातल्या एका मित्राला विचारलं. तो नुसता हसला. तरी माझ्या डोळ्यांपुढं ते उगवलेलंच येतं, त्याला इलाज नाही.

आता ‘रामदास’.

आमच्या बाजूला असं घर विरळाच, ज्यातल्या कुणाची ‘रामदास’ थोडक्यात चुकली नाही. कुणाला तिकीट मिळालं नाही, कुणाची बायको शिंकली, कुणाला धक्क्यावर सावकार भेटला. चुकलेल्या सगळ्यांची बेरीज केली तर आणखी एक बोट भरेल, आणि तीही बुडेल.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. आखाडातली अवस, मुंबईच्या चाकरमान्यांची गटारी आणि आजीची दिव्यांची अवस. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला ‘रामदास’ सुटली, माणसांनी खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती कलंडली आणि काही मिनिटांत गेली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे कितीतरी तास मुंबईला पत्ता नाही. आठ-दहा वर्षांचा रेवसचा एक पोरगा तरंगत गेटवेच्या बाजूला जाऊन लागला, त्याच्याकडून बातमी फुटली, असं सांगतात. रेवसच्या कोळ्यांनी मुंबईला विकायला चालवलेली मासळी पाण्यात लोटून दिली आणि होड्यांत माणसं ओढून घेतली. हे आमच्याकडं अजून सांगितलं जातं, आणि सांगताना कोळी असो की आगरी, मान ताठ होते.

आजा त्या बोटीनं येणार होता.

गावात बातमी आली आणि बायका बंदराकडं धावल्या. दोन दिवस प्रेतं लागत होती. सासूनं आजीला गळ्यातलं काढायला सांगितलं. आजी म्हणाली, “परेत दाखवा, मंग बोला.” तेवीस वर्षांची असेल, पदरात माझा बाप. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजा दारात उभा. पनवेल-पेणवरून मिळेल त्या गाडीनं, उरलेलं पायी, धरमतरची खाडी तरीतून ओलांडून आला होता. आजीनं त्याला आधी आंघोळीला पाणी काढलं की आधी शिव्या दिल्या, यावर दोन मतं आहेत.

बोट चुकली कशी, यावर तीन.

आजा सांगायचा ते असं. फळीवर पाय ठेवला आणि आठवलं की आईसाठी घेतलेली छत्री चहावाल्याकडं राहिली. परत पळाला, छत्री घेतली, वळून बघतो तर फळी काढलेली. तो किनाऱ्यावरून बोटीला शिव्या घालत राहिला. शिव्यांची यादी प्रत्येक वर्षी वेगळी आणि श्रोत्यांच्या वयाप्रमाणं कमीजास्त.

आजी म्हणायची, कसली छत्री? “गटारी येक दिस आदी केली यानं.” झोपला असेल कुठंतरी.

तिसरी तऱ्हा आत्यानं सांगितली, तीही एकदाच, आणि आवाज खाली आणून. आज्यानं तिकीट काढलं होतं. धक्क्यावर गावातलाच एक सोबती भेटला, त्याला तिकीट मिळत नव्हतं आणि त्याची बायको दिवसांत होती. आज्यानं आपलं तिकीट त्याला दिलं.

आज्याच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नाही. पोपटीला कुणी त्या सोबत्याचं नाव काढलं की तो उठून जाळ सारखा करायला जायचा. जाळ सारखा असला तरी.

माझ्या लिहिण्याची सुरुवात याच घराच्या ओटीवर झाली, आणि ती कुठल्याही अर्थानं साहित्यिक नव्हती. आळीतल्या बायका लिहायला न शिकलेल्या आणि त्यांचे नवरे, लेक, भाऊ मुंबईला. मी तिसरी-चौथीत होतो, अक्षर बरं होतं. “तुना लिवता येतं ना? मंग लिव,” असं म्हणून आजीनं माझ्यापुढं पोस्टकार्ड ठेवलं. पाहता पाहता मी आळीचा लेखनिक झालो. मोबदला म्हणून चिंचेचा गोळा, कधी तळलेला बोंबील. तो कागदाला लागू न देता खायची कलाही तेव्हाच अंगी आली.

पोस्टकार्डाचा तुकडा केवढा, आणि बायांचं बोलणं केवढं! काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हे आजीनंच शिकवलं. क्रम तिचा ठरलेला. “आदी कोंबरीचा लिव. मंग पावसाचा. मंग तुज्या बापाचा ताप.” मी म्हणायचो, ताप महत्त्वाचा ना? तर म्हणायची, “कोंबरी वाचली म्हंजे तो बसंल. बसला म्हंजे मंग ताप सांग.” लिहून झालं की वाचून दाखवावं लागे. मी जागा वाचवायला काही गाळलं असेल तर तिला नेमकं कळायचं. तिनं कार्ड उलटंही धरलेलं असे, पण गाळलेली म्हैस ती हुडकून काढायची.

पलीकडच्या घरातल्या काकीचं पत्र मात्र वेगळं असे. ती विधवा, एक मुलगी, तीही लग्न होऊन गेलेली. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर तिला मुंबईहून मनिऑर्डर यायची. पोस्टमनच्या कागदावर ती अंगठा उठवायची आणि मग मला बोलवायची. “लिव, पैसं पोचलं.” पुढं काय? बराच वेळ ती अंगणाकडं बघत राही. “तुना काय लिवायचं ता लिव.” मग मी लिहायचो. पाऊस बरा झाला, शेळी व्याली, पडवीची कौलं बदलली. शेळीला दोन पिल्लं झाली होती, मी एकाचा रंग काळा लिहिला, कारण काळा लिहिताना बरं वाटलं. प्रत्यक्षात ते कसं होतं कोण जाणे. काकीला वाचून दाखवलं तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे.” त्या दिवशी घरी येताना मी जवळजवळ उडत आलो. आयुष्यात पुढं जे काही छापून आलं, त्यातल्या कशानंही त्या काळ्या पिल्लाइतका आनंद दिला नाही.

पत्ता गोदीतल्या आज्याचा असायचा. तो माझा आजा आहे, मग पैसे काकीला का पाठवतो, असं मी कधी विचारलं नाही. पोरवयात तसं विचारायचं सुचत नाही. आत्यानं तिसरी तऱ्हा सांगितली तेव्हा काकीही गेली होती आणि आजाही.

माझ्या लिहिण्याचं पुढं जे झालं ते चारचौघांसारखंच. शाळेत ‘किशोर’ यायचा, १९७१ साली तो निघाला तेव्हापासूनचे अंक गुरुजींनी कपाटात कुलूप लावून ठेवलेले. ते कुलूप कसं उघडतं हे मला माहीत होतं, एवढंच इथं पुरे. पुढं पेणला कॉलेजात असताना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती लागली आणि मी थक्क झालो. ही बाई तर थेट आमच्या ओटीवर बसून बोलत होती! बिरडं सोलता सोलता बोलावं तसं लिहिता येतं, आणि त्याला पुस्तक म्हणतात, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मीही लिहू लागलो. शिक्षकी करत, वह्या तपासून झाल्यावर, दिवाळी अंकांना पाठवत. परत आलेल्या लेखांचं दुःख करून घेण्याचा स्वभाव नव्हता. आजीनं शिकवलं होतं, आधी कोंबडीचं लिहावं, आणि मला नेहमी कोंबडीचंच जास्त सुचायचं.

लिहिताना मला खरा आनंद कशात मिळतो, हे सांगायचं तर जोडकामात. कुठल्या तरी जुन्या पुस्तकात मासळीच्या खताचा उल्लेख सापडतो आणि आज्याची बोट एकदम वासासकट उभी राहते. पंचांग काढून बघतो, तर त्या दिवशी खरंच अवस निघते आणि आजी जिंकते. आणि कधी काहीच जुळत नाही. धरमतरच्या तरीत आज्यासोबत एक बैलगाडी होती असं तो सांगायचा आणि त्या बैलाचं नाव तो गाडीवाल्याइतक्याच प्रेमानं घ्यायचा. ते नाव कुठल्या दप्तरात मिळणार? ते मी तसंच ठेवतो. नव्या पिढीला रो-रोनं मांडव्याला गाडीत बसल्या बसल्या उतरता येतं, तिथं तर आणि बैल समजावून सांगायलाच एक परिच्छेद जातो. जाऊ दे. ओल्या काटक्यांचं वर्ष समजायचं.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी ‘रामदास’ लिहिली. आत्याची तऱ्हा लिहिली नाही. काकीची लेक हयात आहे आणि तिच्या बापाच्या तिकिटाचा हिशोब मी मांडावा असं मला वाटलं नाही. आजीचीही लिहिली नाही, ती मला सोडणार नाही अशी अजून भीती आहे. छत्रीचीच लिहिली. पण नुसती छत्री कागदावर उभी राहीना. म्हणून मी तिला वेताची मूठ दिली, आणि मुठीला तांब्याचं कडं. आज्यानं मुठीचं नाव कधी काढलं नव्हतं.

परवाच्या एका हळदीला, डीजे थोडा वेळ बंद पडला तेव्हा, आमच्या भावकीतले एक म्हातारे पोरांना घेऊन मांडवात बसले होते. ‘रामदास’च चालू होती. त्यांची नजर अधू, छापील काही वाचत नसावेत. फळी, चहावाला, सगळं आलं. “आणि छत्री कशी,” ते म्हणाले, “वेताच्या मुठीची. तांब्याचं कडं होतं तिला.”

मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, “अण्णा, तुम्ही बघितली होती ती छत्री?”

“बघितली म्हंजे? आमच्याच घरान व्हती ती. तुज्या आज्यानं माज्या बापाला दिली व्हती. शिमग्यान हरवली.”

“कुठल्या शिमग्याला?” मी विचारलं आणि खिशात पेन चाचपू लागलो.